तीन गाद्या मावतील एवढी जागा

हिमी, ३ सप्टेंबर

हिसाए,

पत्राची सुरुवात ऋतूने करावी असं आईने आपल्याला शिकवलं. तेव्हा: पंचांगाप्रमाणे शरद लागलाय, आणि इथे बंदरावर पसरलेले मासे वाळतायत की भाजतायत हे सांगणं अवघड आहे. तू आणि तोशिहारु ठीक असाल. झाला ऋतू.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर आपल्यापैकी कुणीतरी एक मधेच ठेवून देतं आणि बहुतेक वेळा ती तू असतेस. पत्राला तशी सोय नाही.

विषय आईच्या डोळ्यांचा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं की नजरेचा मधला भाग विझत चाललाय. कडेचं दिसत राहील, पण समोरच्या माणसाचं तोंड पुढच्या वसंतात ओळखता येईल असं धरून चालू नका. आई म्हणाली, "तोंडं पाहून झालीत." डॉक्टर हसले नाहीत. बसमध्ये मात्र ती माझा हात धरून म्हणाली, डोळे आहेत तोवर तिला तुमच्याकडच्या त्या खाडीकाठच्या पार्कातली दिव्यांची मिरवणूक बघायचीय. आणि आपण दोघींनी बरोबर असायचं. "दोघींनी" हा शब्द तिने पुन्हा पुन्हा म्हटला. बसमधल्या लोकांना आपल्या घरची परिस्थिती कळली.

बाबांनी तिला कबूल केलं होतं, आठवतंय? पार्क उघडलं त्या वर्षी. "बुरी माशांचा हंगाम संपला की जाऊ." हंगाम संपला की जाळ्यांची डागडुजी, डागडुजी झाली की पुढचा हंगाम. माणूस जन्मभर मासे संपायची वाट बघत राहिला आणि शेवटी तोच आधी संपला.

तर माझं ठरलंय: राहायचं ते पार्काच्या आतल्या हॉटेलात. मिरवणूक अंधार पडल्यावर निघते आणि आईचे गुडघे दुपारनंतर संपावर जातात. खोली आतच असली तर दुपारी तिला आडवं करता येईल, संध्याकाळी पुन्हा उभं. बाहेर राहिलो तर दुपारी बसने हॉटेलात आणलेली आई परत बसमध्ये चढवून दाखव, मी तुझ्या नावाचा दगडी दिवा देवळात उभा करीन. आतल्या हॉटेलचं भाडं मी पाहिलं. आधी वाटलं महिन्याचं असेल.

तू तिथली, तुला कॉम्प्युटर कळतो. नोव्हेंबर अखेरची खोली बघ. माझ्या मासळी बाजाराच्या कचेरीत तीस वर्षं सगळं कागदावर चालायचं आणि मासा एकही हरवला नाही, पण ते राहू दे.

ताझुको


फुनाबाशी, १० सप्टेंबर

ताई,

उन्हाळा सरता सरत नाहीये, खिडकीवरचा सिकाडा किडा अजून सकाळी पाचला कोकलतो. तुझ्या घरी सगळे क्षेम असोत. तुझ्याइतका सुंदर ऋतू मला जमत नाही.

आईचं वाचून हात थांबला. तेव्हा हॉटेलबद्दल लिहिते, ते सोपं आहे.

आतलं हॉटेल? ताई, तुला माहितेय आत काय असतं? भिंतीवर त्या उंदराचे कान, उशीवर कान, साबणाच्या वडीवर कान. सकाळी नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग, आणि आपल्याला रांग लावावी लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांची वेगळी रांग. इतरांच्या आधी पंधरा मिनिटं आत सोडतात म्हणून लोक जीव टाकतात. आई पंधरा मिनिटांत चपला बदलते. शिवाय खोलीत उंच पाश्चात्त्य पलंग. रात्री बाथरूमला उठताना ती खाली पडली तर तुझी कानवाली उशी काय करणार?

इथले शहाणे लोक बाहेर राहतात. खाडीच्या अलीकडे चांगली हॉटेलं आहेत, तातामीच्या चटयांच्या खोल्या, मोठं गरम पाण्याचं स्नानगृह, पार्कापर्यंत बस. अर्थात इथले खरे शहाणे पार्कात जातच नाहीत. मी इतकी वर्षं जवळ राहतेय, मिरवणुकीतलं मला फक्त ट्रेनच्या खिडकीतून दिसणारं आभाळातलं उजळणं माहीत आहे.

आणि हॉटेलच तरी कशाला? आमचं घर आहेच की. लहान आहे, पसारा आहे, तुझ्यासारखी टापटीप नाही. पण तू आणि आई आलात तर तोशिहारुलाही आनंद होईल. अजिबात संकोच करू नका, हवे तितके दिवस राहा.

शरीराची काळजी घे.

हिसाए


हिमी, १७ सप्टेंबर

हिसाए,

वादळ येऊन गेलं, दोन कौलं गेली. ऋतू संपला.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. "हवे तितके दिवस राहा" इथपर्यंत आल्यावर ती ओच्यात तोंड लपवून रडली. मलाही भरून आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू आपणहून घरी बोलावलंस.

तेव्हा ठरलं. आम्ही तुझ्याकडेच उतरतो. चार रात्री. हॉटेलचा खर्च वाचला. आईला तुझ्या हातचं मिसो सूप आवडतं असं ती म्हणते, मी वाद घातला नाही. तोशिहारुसाठी सुके स्क्विड आणतेय, तो बिअरबरोबर खातो तेच.

तुझे फार फार आभार. मनापासून लिहितेय, त्यामुळे वाक्य छोटं आहे.

ताझुको


फुनाबाशी, २२ सप्टेंबर

ताई,

पावसाळी हवा आहे, सर्वत्र दमट. तुम्ही येताय हे वाचून मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

फक्त एक-दोन बारीक गोष्टी. आमच्या गल्लीत रस्ता खणलाय. शेजाऱ्यांनी कुत्रा आणलाय, तो पहाटे भुंकतो. वरच्या मजल्यावर मुलगी व्हायोलिन शिकतेय, शिकण्यापेक्षा भुंकणंच जास्त. तोशिहारु घोरतो. नळाचं गरम पाणी कधी येतं कधी नाही. आमच्या इमारतीची लिफ्टही जरा लहरी आहे. हे सगळं मला सोसवतं, पण आईला?

शिवाय मी नीट विचार केला. तुझंच बरोबर होतं. आतलं हॉटेल म्हणजे आतलं हॉटेल. दुपारी आईला झोपवायचं, संध्याकाळी उठवून खाली आणायचं, मिरवणूक दाराशी. बाहेरून येणाऱ्यांचे काय हाल होतात, मी रोज बघते. पोरं पेंगतायत, बाप बसच्या रांगेत उभ्याउभ्या म्हातारे होतायत. पलंग उंच असतात हे खरं, पण आपण गाद्या जमिनीवर ओढू. उशीवरच्या कानांची सवय होते. कदाचित आईला आवडतीलही, तिला तसंही आजकाल कानांवरच भिस्त ठेवावी लागणार.

हे शेवटचं वाक्य खोडायला हवं होतं. पेन शाईचं आहे.

तर आतली खोली मी बघू का? अर्धे पैसे मी देते.

हिसाए


हिमी, ३० सप्टेंबर

हिसाए,

शेतातलं भात कापून झालं. आपल्याकडे शेत नाही, पण ऋतू शेजाऱ्यांचाही चालतो.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, कानांचं वाक्य सोडून. तिने विचारलं, "मधे थांबलीस का?" मी म्हटलं, खोकला आला.

आता मला समजावून सांग. पहिल्या पत्रात आत राहणारे मूर्ख, बाहेर राहणारे शहाणे. दुसऱ्या पत्रात बाहेर राहणारे मूर्ख. मधल्या बारा दिवसांत शहाणपणाने घर बदललं का? उंच पलंगावरून आई पडेल ही भीती तुझीच होती. कुत्र्याचं मला काही वाटत नाही, बंदरावर मांजरं अख्खी रात्र भांडतात आणि आई त्यांना नावाने हाका मारते. तोशिहारुच्या घोरण्याला आई म्हणाली, "बाबांपेक्षा जास्त घोरू शकणार नाही." आणि अर्धे पैसे! माझी बहीण आईला आपल्या घरी न ठेवण्यासाठी पैसे देतेय हे मी गावात कुणाला सांगू?

तू 'या' म्हणालीस. आम्ही येतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असेल तर तसं सांग. पण मला तसं वाटत नाही, कारण आपल्या घरात शब्दाला किंमत आहे, हे मी तुझ्याकडूनच शिकले. बाबा गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला त्यांच्या वस्तू मांडल्या होत्या आणि मी म्हटलं, "हिसाए, तुला हवं ते घे." कुणीही असं म्हणतं. आणि तू हात लांब करून त्यांची दुर्बीण उचललीस. त्यांच्या गळ्यात तीस वर्षं लटकलेली, बाकी कशाहीआधी मी जी मागितली असती ती. मी चहा ओतत राहिले. तेव्हापासून मला कळलं की बोललेलं शब्दशः धरायचं असतं.

ती दुर्बीण मात्र काढून ठेव. आईने मागितलीय, मिरवणुकीसाठी.

ताझुको


फुनाबाशी, ४ ऑक्टोबर

ताई,

ऋतूबद्दल काही लिहीत नाही.

तुला वाटतं मी दुर्बीण पळवली? त्या टेबलावर बाबांचं मनगटी घड्याळ होतं, सहकारी संस्थेने दिलेलं. फौंटन पेन होतं. चांगला लोकरीचा कोट होता. आणि एक दुर्बीण होती, एका बाजूची काच ओरखडलेली, पट्टा मिठाने कडक झालेला. मी सगळ्यात फुटकं उचललं, कारण तू त्यांना शेवटपर्यंत पाहिलंस आणि चांगलं ते तुझ्याकडे राहावं असं मला वाटलं. मला घड्याळ हवं होतं, ताई. लहानपणी ते माझ्या कानाला लावून झोपवायचे. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तू बघशील म्हणून.

म्हणजे मी उदार झाले आणि चोर ठरले. छान.

नोव्हेंबरात मला जमणार नाही. तू आईला घेऊन ये. आत राहा, बाहेर राहा, पार्काच्या छपरावर राहा. दुर्बीण पोस्टाने पाठवते. दोघींनी यायलाच हवं असं आईचं म्हणणं असेल तर तिला सांग, एक मुलगी पुरते, चांगली असली तर.

हिसाए


हिमी, ९ ऑक्टोबर

हिसाए,

मी आई. जाड ब्रशने लिहितेय म्हणून पानावर चारच ओळी बसतात. अक्षरं एकमेकांवर चढली असतील तर तुम्हा दोघींसारखी भांडतायत असं समज.

ताझुको मला तुझी पत्रं वाचून दाखवते. जिथे तू तिला बोलतेस तिथे ती थांबते आणि खोकते. या वेळी ती इतकी खोकली की मला वाटलं क्षय झाला. मग मी पत्र घेऊन शेजारच्या मित्सुएकडे गेले. तिने खोकल्याशिवाय वाचलं. तेव्हा मला सगळं माहीत आहे.

पण एक गोष्ट मला आधीपासूनच माहीत होती. उन्हाळ्यात मी मासे पाठवते तेव्हा तू दरवर्षी लिहितेस, 'तोशिहारुने बिअरबरोबर एका बैठकीत संपवले.' सव्वीस वर्षं हेच वाक्य. या वर्षी लिहिलंस, 'मासे फार चविष्ट होते.' चविष्ट. जणू काही दुकानात घेतले. माझे मासे सव्वीस वर्षं खाणारा माणूस एकदम थांबतो तो मेला म्हणून किंवा गेला म्हणून. मेला असता तर तू कळवलं असतंस, आम्हाला शोकाच्या पैशांचं पाकीट पाठवायचं असतं. म्हणजे गेला.

मी ताझुकोला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय तुला ती घरात नको आहे. ती तीन दिवस स्वयंपाकघरात भांडी घासतेय, स्वच्छ असलेली. तूच सांग तिला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तुझी मूठ झाकण्यात माझी नोव्हेंबरची सहल जातेय, आणि माझ्याकडे नोव्हेंबर फार उरलेले नाहीत. पुढच्या वर्षी मला पार्कात नेलं काय आणि मासळी बाजारात नेलं काय, सारखंच.

तू आता कुठे राहतेस ते मला ठाऊक नाही. मोठी जागा असती तर तू रस्ता खणला नसतास. तीन गाद्या शेजारी शेजारी मावतात का, एवढंच कळव. तुमचे बाबा समुद्रावर असत तेव्हा आपण तिघी तशाच झोपायचो, नदी लिहायच्या अक्षरातल्या तीन उभ्या रेघांसारख्या. मी मधे. ताझुको डावीकडे, कारण ती लाथा मारायची आणि माझी उजवी बाजू आधीच दुखायची.

एक मुलगी पुरत नाही. मी दोन जन्माला घातल्या त्या उगीच नाही.

आई


फुनाबाशी, १३ ऑक्टोबर

ताई,

गल्लीत ओस्मान्थस फुललाय, सगळ्या शहराला जर्दाळूचा वास येतोय. हा खरा ऋतू आहे, तो लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येईना.

रस्ता खणलेला नाही. कुत्राही नाही. तोशिहारु मे महिन्यात गेला. दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर सांगायला सोपं होतं, पण तो कुणाकडे गेला नाही, नुसता माझ्याकडून गेला. म्हणाला, निवृत्तीनंतर रोज समोरासमोर बसायच्या कल्पनेने त्याला धाप लागते. घर त्याच्या कंपनीचं होतं. जुन्या पत्त्यावरचं टपाल पोस्ट इकडे फिरवतं, म्हणून मी तोच पत्ता लिहीत राहिले.

आता मी सहा चटयांच्या एका खोलीत राहते, तळमजल्यावर. लिफ्ट नाही, म्हणून लहरीही नाही. मोजून पाहिलं. टेबल व्हरांड्यात ठेवलं आणि टेबलावर पाऊस पडू दिला, तर तीन गाद्या मावतात.

तू लग्न न करता राहिलीस तेव्हा मी तुला काय काय ऐकवलं होतं ते तुला आठवत असेल. ते सगळं आता तुला मला परत करायला हरकत नाही. मी तयारी ठेवलीय.

'आमच्या घरी या' हे मी बोलायचं म्हणून बोलले होते. तू नको म्हणशील अशी खात्री होती. आता खरंच म्हणतेय. या.

हिसाए


हिमी, १९ ऑक्टोबर

हिसाए,

तोयामाच्या डोंगरांवर पहिलं बर्फ दिसलं. आईला दिसलं नाही, मी सांगितलं. ती म्हणाली, "मग पडलं असेल."

सहा चटयांची खोली. आमच्या कचेरीत जुनी बिलं ठेवायचा माळा याहून मोठा होता आणि बिलांनी कधी तक्रार केली नाही.

तोशिहारुबद्दल काही लिहीत नाही, कारण हे पत्र आपला पोस्टमन नेणार आहे आणि तो सभ्य माणूस आहे. एवढंच सांगते की सुक्या स्क्विडचं पुडकं मी बंदरावरच्या मांजरांना घातलं. त्यांनी आभार मानले.

परत करायचं तेवढं मी परत करीन, पण हप्त्याहप्त्याने. एकदम दिलं तर तुला ठेवायला जागा नाही.

मे ते ऑक्टोबर तू एकटी त्या खोलीत होतीस आणि मी इथे बसून विचार करत होते की तुझ्या घरात तुला मी नको आहे. मला वाईट वाटलं. हे वाक्यही छोटंच ठेवते.

आता हॉटेलचं. आईशी बोलून असं ठरलं. मिरवणुकीच्या दिवशी आतल्या हॉटेलात एक खोली घ्यायची. खोली दुपारी तीनला मिळते. तीन ते पाच आईला झोपवायचं, मिरवणूक बघायची आणि मग टॅक्सीने तुझ्याकडे यायचं, झोपायला. मी म्हटलं, अगं आई, अख्ख्या रात्रीचे पैसे दोन तासांच्या डुलकीसाठी? ती म्हणाली, "माझं पेन्शन, माझी डुलकी." म्हणजे त्या रात्री कान असलेल्या उश्या पलंगावर एकट्या झोपतील, आणि आपण तिघी तुझ्या टेबलाच्या जागी. आत की बाहेर यावर आपण दीड महिना भांडलो. आईने दोन्ही घेतलं. जगात एवढं महाग समाधान दुसऱ्या कुणी विकत घेतलं नसेल.

दुर्बीण पोस्टाने पाठवू नको. तिची काच ओरखडलेली आहे ती बाबांच्या पडण्याने, मी दहा वर्षांची असताना, माझ्यादेखत. म्हणून मला हवी होती. तू गळ्यात घालून आण.

घड्याळ मी कधी वापरलं नाही. मला वाटलं तू नको म्हणून टाकलंस, म्हणून मलाही नको झालं. बंद पडलं होतं, बंदरावरच्या घड्याळवाल्याकडे दिलंय. तुझ्या कानाला लावता येईल.

ताझुको


हिमी, २ डिसेंबर

हिसाए,

मी आई. हे पत्र ताझुको पेटीत टाकणार आहे. ती वाटेत वाचणार हे धरूनच लिहितेय. वाच, ताझुको, खोकू नको.

घरी नीट पोचलो. ताझुको सगळीकडे सांगतेय की मिरवणूक काय सुंदर होती आणि आतलं हॉटेल घेण्याचा तिचा निर्णय किती योग्य होता. मित्सुएने विचारलं, "आणि तुम्हाला झोप लागली का हो दुपारी?" मी सांगितलं, मला झोपवायला नेलं होतं, झोपल्या या दोघी. तू एका पलंगावर, ती दुसऱ्या पलंगावर, डोकी कानांवर. घोरणं एकाच सुरात. बाबांचं. मी खिडकीशी खुर्ची ओढून बसले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. काही दिसलं नाही, पण पट्ट्याला अजून समुद्राचा वास आहे. बराच वेळ बसले. मग दिवे लागायची वेळ झाली तेव्हा तुम्हाला मीच उठवलं. त्या पैशाला ती खोली स्वस्त पडली.

तुझी खोली मला आवडली. टेबल भिजलं ते चांगलं झालं, ते नाहीतरी वाकडं होतं. ताझुको अजून लाथा मारते.

आता मिरवणुकीचं. मी मुद्दाम मधे बसले, तुम्हाला दोन बाजूंना बसवलं आणि हलू दिलं नाही. तुम्ही दोघी सारख्या "आई, समोर बघ, समोर बघ" म्हणत होतात. मी बघत होते. समोर बघितलं की माझ्या नजरेतलं मधलं सगळं विरघळतं. मिरवणूक मला दिसली नाही. नुसता उजेड यायचा आणि जायचा. पण कडेचं दिसतं, डॉक्टरांनी सांगितलं होतंच. उजव्या कडेला तू होतीस. तुझे केस कानापाशी पांढरे झालेत, तू रंगवत नाहीस, आणि तू मनगट कानाला लावून बसली होतीस. डाव्या कडेला ताझुको रडत होती आणि रुमाल शोधतेय असं दाखवत होती. तोंडाकडे तोंड करून बघितलं असतं तर दोघींपैकी कुणीच दिसलं नसतं. म्हणून मी समोर बघत राहिले, शेवटचा उजेड जाईपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

यासाठी दोघी हव्या होत्या. एक असती तर एकच कड.

डोळ्यांचं पुढे काय होईल ते होईल. कडा आहेत तोवर मला मधे बसायचंय. तुझ्याकडे नाहीतर इथे, हॉटेल नको. इथे जागा आहे, तीनच काय दहा गाद्या पसरतील, आणि मी हे बोलायचं म्हणून बोलत नाहीये. मला तुम्हा पोरींसारखं बोलायला वेळ नाही.

ऋतू लिहायचा राहिला. मीच शिकवलं आणि मीच विसरले. तर ऋतू असा: काल पहाटे जोरात गडगडलं, बुरी घेऊन येतं तसं, बंदरावर धावपळ झाली, बुरीचा हंगाम सुरू झालाय. संपायची वाट बघू नको. ये.

आई